‘थांबा’ कुणी म्हणायचं?

रायफल क्लबच्या खुल्या दिवशी एक समज हमखास ऐकू येतो: रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, बोलायचं ते फक्त तिथली देखरेख करणाऱ्या रेंज ऑफिसरनं, नवख्यानं तोंड मिटून उभं राहायचं. हे निम्मंच खरं आहे. नेम, श्वास, पकड यांवर न विचारता शहाणपण शिकवू नये. सल्ला ऐकायला नेमबाज मान वळवतो आणि मानेबरोबर नळीही वळते. पण धोका दिसला तर ‘थांबा’ किंवा ‘स्टॉप’ कुणीही ओरडावं, अगदी पहिल्यांदाच आलेल्या पोरानंही. मग सगळ्यांनी बोट ट्रिगरवरून काढायचं, नळी टार्गेटकडेच ठेवायची. फायरिंग पुन्हा सुरू करण्याचा अधिकार मात्र ऑफिसरचाच.

‘अहो, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलंय, हत्यार रिकामंच आहे’ ही तर नेहमीची पळवाट. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेत, एक गोळी राहू शकते. म्हणून त्यानंतर चेंबर उघडणारा बोल्ट किंवा स्लाइड मागे ओढून आत डोळ्यांनी पाहायचं आणि चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून त्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालायचा. एअर रायफललाही सूट नाही, ४.५ मिमीचा छर्रा डोळा घालवू शकतो.

शेजाऱ्याची नळी जरा भलतीकडे झुकली, तर ‘दादा, नळी समोर’ एवढंच पुरे. बाकीचं भाषण चहाच्या वेळी, तेही त्यानं विचारलं तर.