‘फक्त टेस्ट रिपोर्ट काढून द्या’ म्हणण्याआधी
ऑनलाइन कॉस्मेटिक्स विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या परळच्या ऑफिसात येणाऱ्या बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते: “वेबसाइटवरचं लिस्टिंग (मालाचं विक्रीपान) अडकलंय, टेस्ट रिपोर्ट मागतायत, किती दिवसांत मिळेल?” रिपोर्ट मिळतो, त्यात अवघड काही नाही. पण माल कुठे बनला आणि कोणाच्या लायसन्सवर बनला, हे सांगता येत नसेल तर तो रिपोर्ट घेऊन विक्रीच्या पोर्टलकडे जाण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही लॅबचे पैसे घेण्याआधी कागद बघतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू द्या.

आधी लायसन्स

कॉस्मेटिक्सचा सगळा कारभार औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि कॉस्मेटिक्स नियम, २०२० यांवर चालतो. औषधाच्या दुकानाला विक्रीचे लायसन्स लागते, तसे क्रीम-पावडर विकायला लागत नाही. त्यामुळे ‘आपल्याला काहीच लागत नाही’ असा समज पसरतो. बनवायला मात्र लायसन्स लागतेच, आणि विनालायसन्स बनलेला माल विकणे हाही गुन्हाच आहे.

स्वतःचा कारखाना असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, म्हणजे आपल्या बीकेसीतल्या एफडीएकडून, फॉर्म सीओएस-८ मधले लायसन्स घ्यावे लागते. दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या नावावर माल बनवायचा असेल तर लोन लायसन्स, म्हणजे सीओएस-९. तिसरा मार्ग बहुतेक छोटे ब्रँड घेतात: लायसन्स असलेल्या उत्पादकाकडून माल बनवून घ्यायचा आणि लेबलवर त्याचे नाव उत्पादक म्हणून, आपले नाव मार्केटिंग करणारा म्हणून छापायचे. यात एक गोष्ट हमखास राहून जाते. उत्पादकाकडे लायसन्स आहे एवढे पुरत नाही, तुमचा प्रॉडक्ट त्या लायसन्सला जोडलेल्या यादीत आहे का ते बघा. लायसन्सची झेरॉक्स देताना पहिले पान येते, यादीची पाने येत नाहीत. मागून घ्या. लायसन्सला मुदत नसते, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन्स चालू ठेवण्याचे शुल्क, भरावी लागते, तीही पावती पाहा.

परदेशी मालाला केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची, म्हणजे सीडीएससीओची, नोंदणी लागते. घाऊक बाजारात स्वस्तात मिळालेल्या बॉक्सवर आयातदाराचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर त्या मालाला आम्ही हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

दिवाळीच्या तोंडावर बचत गटांच्या ताई उटणे, साबण, केसांचे तेल घेऊन येतात. माल छान असतो, वास तर ऑफिसभर दरवळतो. पण घरच्या ओट्यावर बनलेल्या मालाला लायसन्स मिळत नाही. स्वतंत्र जागा, ठरलेली यंत्रसामग्री आणि किमान एक पात्र तांत्रिक माणूस, उदाहरणार्थ डी. फार्म झालेला, असावा लागतो. उटणे आयुर्वेदिक म्हणून विकायचे असेल तर लायसन्सच वेगळे असते. अशा गटांना आम्ही सुरुवातीला थर्ड पार्टी उत्पादकाचाच, म्हणजे वर सांगितलेला तिसरा, रस्ता सुचवतो. आपली कृती त्याला देऊन, त्याच्या नावाने बॅच काढायची. हे काम दिवाळीच्या आदल्या महिन्यात होत नाही, उन्हाळ्यात सुरू करा.

लॅबमध्ये काय तपासतात

भारतीय मानक ब्युरोने बऱ्याच प्रकारच्या मालासाठी मानक ठरवलेले आहे. स्किन क्रीमसाठी आयएस ६६०८, लिपस्टिकसाठी आयएस ९८७५, काजळासाठी आयएस १५१५४. लॅबला ‘सगळ्या टेस्ट करा’ असे सांगू नका, बिल फुगते. मानकाचा क्रमांक सांगा.

रंग असलेल्या मालात पहिली चिंता शिसे आणि आर्सेनिकची. शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरायला बंदीच आहे. जे रंग चालतात त्यांतही शिसे २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर नको. पाऱ्याची मर्यादा डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत ७० पीपीएम, इतर मालात १ पीपीएम, आणि तीही नकळत आलेल्या पाऱ्यापुरती. गोरेपणाच्या क्रीमसाठी ही टेस्ट न करता आम्ही फाइल पुढे पाठवत नाही. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतो. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये विनालायसन्स आणि घातक सौंदर्यप्रसाधनांविरुद्ध ‘ऑपरेशन सौंदर्य’ उगाच काढले नव्हते.

जंतूंची तपासणी मात्र लोक टाळतात, आणि मुंबईत तीच जास्त महत्त्वाची. तेल किंवा साबणाच्या वडीत जंतू सहसा वाढत नाहीत. ज्यात पाणी आहे ते सगळे धोक्याचे: कोरफडीचे जेल, गुलाबपाणी, लोशन, क्रीम. बनवल्या दिवशी नमुना दिला तर रिपोर्ट स्वच्छच येणार. जुलैच्या दमट हवेत, रोज बोट बुडवलेल्या डबीत दोन महिन्यांनी काय असेल, ते त्या रिपोर्टातून कळत नाही. त्यासाठी चॅलेंज टेस्ट असते. मालात मुद्दाम जीवाणू आणि बुरशी सोडतात आणि प्रिझर्व्हेटिव्ह त्यांना आवरतो का, हे २८ दिवस बघतात. महाग आहे, वेळ लागतो, पण पाण्याच्या मालाला ती करावीच असे आमचे मत आहे. ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ लिहायचे असेल तर दुप्पट आग्रहाने.

लेबलवर दोन वर्षांची मुदत छापायची तर स्टॅबिलिटी टेस्टचा आधार हवा. नमुने ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून रंग, वास, पीएच, घट्टपणा पाहतात. मे महिन्यात भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेला माल आठवा, म्हणजे ही टेस्ट कशासाठी ते समजेल.

त्वचेला त्रास होतो का, हे आयएस ४०११ प्रमाणे स्वयंसेवकांवर पॅच लावून, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीत बघतात. प्राण्यांवर चाचणी करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. तेव्हा ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ हे लेबलवर मिरवण्यात फारसे काही उरलेले नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते की निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरते आहेत. म्हणजे तो रिपोर्ट त्या बॅचचा, तुमच्या ब्रँडचा नाही. उत्पादक बदलला, सुगंध बदलला, कोरफडीचा पुरवठादार बदलला, तरी जुनाच रिपोर्ट जोडणारे ग्राहक आमच्याकडे आहेत, त्यांना आम्ही तोंडावर सांगतो. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असेल तरी मान्यता ठरावीक टेस्टपुरती असते, त्यामुळे आपली टेस्ट तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्य टेस्टच्या यादीत, आहे का ते विचारा. आणि नाव जुळवा. रिपोर्टवर ‘फेस क्रीम’, लेबलवर ‘नाइट जेल’ आणि लिस्टिंगवर तिसरेच काही असेल, तर तपासणारा माणूस पहिल्याच नजरेत फाइल परत पाठवतो.

लेबल आणि लिस्टिंग

पाकिटावर नाव, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, लायसन्स नंबर, निव्वळ वजन, मुदत, वापराची सूचना आणि घटकांची उतरत्या क्रमाने यादी लागते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. केसांच्या डायवर आधी त्वचेवर थोडेसे लावून पाहण्याचा आणि भुवया-पापण्यांना न लावण्याचा इशारा सक्तीचा आहे. लिस्टिंगच्या पानावर वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांप्रमाणे एमआरपी, निव्वळ प्रमाण, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क दिसायला हवा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण महिन्याभरात करायचे.

खरी गडबड दाव्यांत होते. ‘त्वचा मऊ ठेवते’ हे कॉस्मेटिक. ‘पिंपल्स बरे करते’, ‘एक्झिमावर गुणकारी’, ‘टकलावर केस उगवते’ हे औषधाचे दावे, आणि मग औषधाचा कायदा लागू होतो. लेबल आम्ही तपासतो, पण लिस्टिंगचा मजकूर भाचा किंवा एजन्सी लिहिते आणि तिथे हे शब्द येतात. मजकूर चढवण्याआधी आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

युरोपात विकायचे तर तिथला जबाबदार प्रतिनिधी आणि पात्र तज्ज्ञाने सही केलेला सुरक्षा अहवाल लागतो. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कारखान्याची नोंदणी आणि प्रॉडक्टची यादी सक्तीची केली आहे. इथले रिपोर्ट तिथे जसेच्या तसे चालतील असे धरू नका.

पहिल्या भेटीला उत्पादकाचे लायसन्स यादीसकट, टक्केवारीसह संपूर्ण कृती, कच्च्या मालाची सर्टिफिकेट्स, लेबलचा मसुदा आणि एकाच बॅचच्या सीलबंद डब्या आणा. घरी उघडून, वापरून पाहिलेली डबी नमुना म्हणून घेतली जाणार नाही.