एका ‘को’चा घोळ: नोबुनागाच्या दोन बखरी

सामुराईंचा इतिहास वाचायचाय, चांगलं पुस्तक सांगा, असं कोणी म्हणालं की मी उलट विचारतो: तुमच्या हातातलं पुस्तक नागाशिनोच्या लढाईबद्दल, म्हणजे जपानी सरदार ओदा नोबुनागानं ताकेदा घराण्याला हरवलं त्या लढाईबद्दल, काय म्हणतं? तीन हजार बंदूकवाले, त्यांच्या तीन रांगा, एक रांग बार काढतेय तोवर मागच्या दोन दारू ठासतायत, असं आकृतीसकट छापलंय आणि आधार म्हणून ‘नोबुनागाची बखर’ एवढंच लिहिलंय? मग ते पुस्तक खुशाल बाजूला ठेवा. बखरी दोन आहेत आणि आपण कुठल्या बखरीतून उचललं हे लेखकाला माहीत नाही.

एक ‘शिनचो कोकी’, दुसरी ‘शिनचोकी’. मधला ‘को’ म्हणजे साधारण आपलं ‘महाराज’. जपानीत लिहिताना फरक एका अक्षराचा. दोन्ही ओदा नोबुनागावर (१५३४ ते १५८२), दोन्ही त्याचे गोडवे गाणाऱ्या, दोन्ही अनेक खंडांच्या. हे सगळं सोडून द्या. सभासदाची बखर आणि चिटणीसांची बखर एका तागडीत घालू नये, हे मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. इथला मामला त्याच जातीचा. फक्त त्या दोघांत शंभरावर वर्षांचं अंतर आहे, तर या दोन्ही बखरी जवळपास एकाच काळात उभ्या राहिल्या. म्हणून फसगत जास्त.

‘शिनचो कोकी’ लिहिणारा ओता ग्युइची १५२७ चा. नोबुनागाच्या पदरी तिरंदाज होता, पुढे कारकुनी कामंही केली, आणि टिपणं ठेवायची त्याला सवय. ‘शिनचोकी’वाला ओझे होआन १५६४ चा, पेशानं वैद्य, कन्फ्यूशियसचं वाचन दांडगं. नागाशिनोची लढाई झाली १५७५ मध्ये, म्हणजे तेव्हा हा अकरा वर्षांचा पोर. त्यानं ग्युइचीचंच लिखाण पुढ्यात घेतलं आणि त्यात रंग भरले, उपदेश घातला, भाषणं घातली. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. होआनची बखर खिळे जुळवून छापली गेली. ग्युइचीची हस्तलिखितांतच राहिली. त्यामुळे एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) वाचकांच्या तोंडी होआन बसला. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) जपानी लष्कराच्या जनरल स्टाफनं जुन्या लढायांचा इतिहास काढला, त्यातही होआनच्याच रांगा उतरल्या. सरकारी शिक्का बसल्यावर त्या जगभर गेल्या.

आता दोघांची पानं शेजारी ठेवा. ग्युइची सांगतो: सुमारे हजार बंदुका, त्यांच्यावर पाच अधिकारी. ताकेदांच्या तुकड्या एकामागून एक आल्या, पहिला यामागाता मासाकागे, मग दुसरी, तिसरी, अशा पाच. प्रत्येकीला गोळ्यांनी झोडपून परत लावलं. तीन रांगांचा, आळीपाळीचा एक शब्द नाही. होआन म्हणतो तीन हजार, हजार-हजारांनी पाळीपाळीनं बार काढायचे. एवढी नवलाची युक्ती टिपणं ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेतून सुटते आणि पुढे त्याचंच पुस्तक वाचणाऱ्या वैद्याला कळते, हे माझ्या गळी उतरत नाही.

पण ‘तीन हजार म्हणजे थाप, हजारच खरं’ असं टेबलावर हात आपटून सांगणाऱ्यांनीही दमानं घ्यावं. ओकायामाला इकेदा घराण्याच्या संग्रहातून आलेली ग्युइचीची एक प्रत आहे. तिच्यात ‘हजार’च्या शेजारी बारीक ‘तीन’ घातलेला दिसतो. तो कोणी आणि कधी घातला यावर अभ्यासकांची भांडणं चालूच आहेत. म्हणजे आकड्याचा वाद रास्त आहे. रांगांना मात्र ग्युइचीचा आधार नाही. आणि गंमत अशी की याच प्रतीवर नाव आहे ‘शिनचोकी’! तेव्हा नावावर जाऊ नका. लेखक ग्युइची की होआन, तेवढं बघा.

दुसरी परीक्षा ओकेहाझामाच्या लढाईची, १५६०. नोबुनागा डोंगराआडून वळसा घालून चालून आलेल्या इमागावा योशिमोतो या बड्या सरदारावर अचानक तुटून पडला, ही गोष्ट कानावर आली असेल तर तीही होआनकडची. ग्युइचीकडे वळसा नाहीच. नोबुनागा झेन्शोजीच्या गढीवरून नाकाजिमाच्या गढीकडे निघतो, तर जुनी माणसं घोड्याचा लगाम धरतात: दोन्ही बाजूंना चिखलाची खाचरं, वाट एकेका माणसापुरती, आपण किती थोडे आहोत ते शत्रूला उघड दिसेल. तो त्यांना झिडकारून जातो. पुढे धो धो पाऊस, आभाळ उघडतं आणि सरळ हल्ला. गनिमी काव्यावर वाढलेल्या आपल्याला वळसाच आवडणार, कबूल. पण ग्युइचीचा चिखल मला जास्त खरा वाटतो.

ग्युइचीही धुतल्या तांदळासारखा नाही. याच लढाईचं साल त्याच्या बखरीत चक्क आठ वर्षं मागे, १५५२ पडलंय. म्हणून टीपा असलेली आवृत्तीच घ्या. एलिसोनास आणि लामर्स यांचा इंग्रजी अनुवाद ब्रिल प्रकाशनानं २०११ मध्ये काढलाय. किंमत बघून घाम फुटतो, ग्रंथालयात मिळाला तर बघा. मुखपृष्ठावर तलवार आणि आत एकही टीप नाही, अशी चार पुस्तकं घेण्यापेक्षा याची शंभर पानं वाचलेली बरी.

होआनबद्दल मी फार कडक बोलतोय असं वाटत असेल तर ओकुबो तादाताका ऐका. नोबुनागाचे दोस्त तोकुगावा, त्यांच्या पदरचा हा म्हातारा योद्धा स्वतः लढाया बघितलेला. ‘शिनचोकी’बद्दल त्यानं ‘मिकावा मोनोगातारी’त लिहून ठेवलंय की यातलं एक तृतीयांश घडलेलं, एक तृतीयांश तसं काहीसं घडलेलं आणि उरलेलं एक तृतीयांश घडलेलंच नाही. आता हा म्हातारा मिकावावाल्यांचा, म्हणजे तोकुगावांच्या मूळ मुलखातल्या लोकांचा, कट्टर अभिमानी, तेव्हा त्याचा हिशेबही तपासूनच घ्या.