जीनचा पाय, कारल्याच्या काचऱ्या आणि दोन वर्षांचं डोकं

एखादी जुनी जीन पँट शोधा, तिचा एक पाय कापून घ्या आणि घरातल्या दोन वर्षांच्या मुलाला समोर बसवा. तो पाय तिरका ताणून धरायचा. वरचं तोंड तुमच्या हातात, खालचं तोंड हातभर बाजूला ठेवलेल्या बादलीत. वरच्या तोंडाच्या बरोबर खाली, सरळ रेषेत, दुसरी रिकामी बादली. आता वरून टेनिसचा चेंडू सोडा आणि विचारा, "चेंडू कुठे गेला?"

या वयाची बरीच मुलं सरळ खालच्या बादलीत डोकावतात. तिथे चेंडू नसतो. तुम्ही तो दुसऱ्या बादलीतून काढून दाखवता, मूल खूश होतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्याच रिकाम्या बादलीकडे धावतं.

हा मूळ प्रयोग ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञाचा. त्याने १९९५ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसमोर वाकड्या, अपारदर्शक नळ्यांमधून चेंडू सोडले. नळी कुठे वळली आहे हे मुलांना समोर दिसत होतं, तरी लहान मुलं चेंडू सरळ खालीच शोधत राहिली. याला वेंधळेपणा म्हणणं सोपं आहे, पण त्या डोक्यात काय चाललंय ते बघा. जेवताना खुर्चीतून चमचा खाली टाकायचा, आई उचलून देते, पुन्हा टाकायचा, हा उद्योग आठवडेच्या आठवडे करून मुलाने एक नियम बांधलेला असतो: सुटलेली वस्तू सरळ खाली जाते. नियम चांगला आहे आणि बहुतेक वेळा खराही ठरतो. फक्त मधे नळी आली की तो बाजूला ठेवायचा असतो आणि तेवढं स्वतःला आवरणं अजून जमत नाही. टॅमरिन जातीच्या माकडांनाही जमत नाही. १९९९ साली त्यांच्यावर असाच प्रयोग झाला आणि त्यांनीही हीच चूक केली.

पुढे आणखी एक गंमत कळली. तीन वर्षांच्या मुलांना चेंडू सोडण्याआधी "तो नळीतून कसा घरंगळत जाईल ते डोळ्यांसमोर आण" असं सांगितलं, तर ती जास्त वेळा बरोबर जागी शोधू लागली. नियम समजावून सांगण्याची गरज पडली नाही, क्षणभर थांबून कल्पना करायला लावणं पुरलं. घरी हे करून बघायला पैसे लागत नाहीत. तीन वर्षांचा मुलगा डोळे मिचकावत बोटाने हवेत तिरकी रेघ ओढतो आणि मग चालायला लागतो, ते बघण्यासारखं असतं.

हे एवढं लांबण लावून सांगण्याचं कारण म्हणजे 'अ‍ॅक्टिव्हिटी' या शब्दाने आईवडिलांच्या डोक्याला लावलेला घोर. रंग ओळखायची कार्डं, इंग्रजी अक्षरांचे तक्ते, बुद्धी वाढवतो असं खोक्यावर छापलेला खेळ. या सगळ्यामागे एक समजूत आहे, की मूल रिकामं आहे आणि आपण त्यात काहीतरी भरायचं. एक ते तीन वर्षांच्या मुलाबरोबर घरी करण्यासारखं सर्वांत उपयोगाचं काम माझ्या मते याच्या उलट्या बाजूने सुरू होतं. ते सध्या कोणत्या प्रश्नाशी झटतंय ते ओळखायचं आणि त्या प्रश्नाला थोडी जागा करून द्यायची.

आता कारल्याच्या काचऱ्या. बेटी रेपाकोली आणि अ‍ॅलिसन गॉपनिक यांनी १९९७ साली हा प्रयोग ब्रोकोली आणि खाऱ्या बिस्किटांवर केला होता, आपण स्वयंपाकघर बदलू. दोन वाट्या घ्या, एकीत काचऱ्या, दुसरीत बिस्किटाचे तुकडे. मुलाला काय आवडतं ते तुम्हाला माहीत आहेच. त्याच्यासमोर एक काचरी खा आणि "अहाहा!" म्हणा, अगदी मनापासून. मग बिस्किटाचा तुकडा तोंडात घालून "शी, नको बाई!" असा चेहरा करा. दोन्ही वाट्या त्याच्याकडे सरकवा, हात पुढे करा आणि म्हणा, "मला दे ना."

मूळ प्रयोगात चौदा महिन्यांच्या मुलांनी मोठ्या माणसाला बिस्किटंच दिली. स्वतःला आवडतात ती. प्रेमानेच दिली, पण समोरच्याची आवड वेगळी असेल ही शक्यता त्यांच्या हिशेबात आली नाही. अठरा महिन्यांच्या मुलांनी मात्र ब्रोकोली दिली. एवढ्या चार महिन्यांत 'हिला ते आवडतं, मला नाही आवडत' हे उमजू लागतं. तुमच्या मुलाने बिस्किट दिलं तर ते आनंदाने खा. "अगं, आईला कारलं आवडतं ना, वेडी!" असं दुरुस्त करत बसू नका. आणि अठरा महिने पूर्ण झाले त्या दिवशी घड्याळ लावून परीक्षाही घेऊ नका, मुलं वेगवेगळ्या वेळी तिथे पोचतात.

भातुकली घरात असेल तर आणखी एक गोष्ट नुसती बघायची आहे. दीड ते अडीच वर्षांची मुलं कधी कधी तळहाताएवढ्या पाटावर बसायला जातात किंवा खेळण्यातल्या मोटारीत गंभीरपणे पाय घालू पाहतात. ती नाटक करत नसतात. ज्यूडी डीलोश आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' नियतकालिकात याची नोंद केली. 'ही मोटार आहे, मोटारीत बसतात' हे ओळखणारा मेंदूचा भाग आणि 'ही किती मोठी आहे' हे मोजणारा भाग यांचा मेळ त्या क्षणी बसलेला नसतो, असं त्यांचं म्हणणं. हसू आलं तर लपवा.

आकड्यांकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त हौस तिथेच. पाहुणे आले की "एक ते दहा म्हणून दाखव बरं काकांना" हा कार्यक्रम ठरलेला. दोन-अडीच वर्षांचं मूल घडाघडा म्हणतं, टाळ्या पडतात. नंतर कधीतरी पाहुणे गेल्यावर चमच्यांचा ढीग समोर ठेवा आणि त्याच मुलाला म्हणा, "मला तीन चमचे दे." बहुतेक वेळा मूठभर चमचे हातात येतात. कॅरन विन या संशोधिकेने १९९० च्या सुमाराला हे पद्धतशीर तपासलं. मुलं आधी फक्त 'एक' शिकतात. एक मागितला तर एकच देतात, बाकी कोणताही आकडा म्हणजे 'पुष्कळ'. मग काही महिन्यांनी 'दोन' कळतो, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, ही जाण साधारण साडेतीन-चारच्या आसपास येते. पाढ्यासारखं म्हणणं आणि मोजणं यांच्यात वर्ष-दीड वर्षाचं अंतर असतं.

मग घरी काय करायचं? संख्या डोळ्यांसमोरच्या वस्तूंना चिकटवायची. धुतलेले मोजे जुळवताना "हे बघ, दोन मोजे." ताटं घेताना "तीन ताटं, आई, बाबा आणि आजी." ज्या घरांत समोर दिसणाऱ्या वस्तूंची संख्या सहज बोलण्यात येते, तिथल्या मुलांना संख्येचा अर्थ पुढे जास्त चांगला कळतो, असं अमेरिकेतल्या घरांमधल्या निरीक्षणांतून दिसलं आहे. नुसत्या म्हणून दाखवण्याचा असा फायदा दिसला नाही.

शब्दांचंही थोडंफार असंच आहे. मूल डब्याचं झाकण लावायच्या नादात असतं आणि आपण चित्रांचं पुस्तक नाकापुढे धरून म्हणतो, "इकडे बघ, हत्ती!" मायकेल टोमासेलो आणि मायकेल जेफ्री फरार यांनी १९८६ साली दाखवलं, की मूल ज्या वस्तूकडे आधीच बघतंय तिचं नाव सांगितलं तर ते जास्त सहज शिकतं, त्याचं लक्ष ओढून दुसरीकडे नेलं तर कमी. तेव्हा हत्ती थांबू द्या. झाकण म्हणा, डबा म्हणा, घट्ट बसलं म्हणा.

अशा साध्या खेळाने खरंच काही फरक पडतो का, याचा भक्कम पुरावा जमैकातून आला. किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी कुपोषणामुळे वाढ खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं निवडली. काहींना दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. खेळणी होती प्लास्टिकच्या बाटल्या, डबे आणि खोक्यांपासून घरीच केलेली. हे दोन वर्षं चाललं. ती मुलं बावीस वर्षांची झाल्यावर त्यांची कमाई तपासली, तर ज्यांच्या घरी खेळ पोचला होता ती न पोचलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त मिळवत होती. नुसत्या पूरक आहाराचा असा लांबचा परिणाम दिसला नाही. हाच कार्यक्रम पुढे ओडिशात, कटकच्या झोपडवस्त्यांमध्येही तिथल्या घरांना जुळवून राबवला गेला आणि तिथेही मुलांच्या बौद्धिक विकासात फरक पडला. दर वेळी मोठं माणूस समोर बसून मुलाला प्रतिसाद देत होतं. बाटलीच्या खेळण्याकडून एकट्याने हे झालं नसतं.

आपल्याकडे ही गोष्ट फार आधी कळली होती. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा मॉन्टेसरींची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशी आसपासची साधनं वापरली. १९५७ मध्ये काम कोसबाडला हललं आणि मुलं गुरं राखायला जातात तर शाळाच कुरणात न्यायची, इथवर त्या पोचल्या.

बिया आणि खडे मात्र तीन वर्षांखालच्या मुलाला घरी देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, गोट्या, नाणी श्वासनलिकेत अडकतात, आणि घड्याळाचा किंवा रिमोटचा चपटा सेल गिळला गेला तर तो काही तासांत अन्ननलिका जाळू शकतो. मुलाच्या तोंडात मावणार नाही एवढी वस्तू निवडायची. पाण्याचा खेळ उत्तम, पण वीतभर पाण्याच्या बादलीतही मूल बुडू शकतं. तेव्हा उठायची वेळ आली तर आधी बादली ओतायची.

राहिला मोबाइल. पॅट्रिशिया कूल हिने २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. माणूस समोर बसून खेळत बोलला तेव्हा बाळांना त्या भाषेचे ध्वनी ओळखता आले. तोच मजकूर तेवढाच वेळ टीव्हीवर दाखवला तेव्हा काहीच शिकणं दिसलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे.

पण यात आजी-आजोबांसाठी एक सोय आहे. नातवंडं न्यू जर्सीला आणि आपण नाशकात, अशी घरं आता थोडी नाहीत. २०१४ च्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांची मुलं व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकली, अगदी समोर बसलेल्या माणसाकडून शिकावीत तशी. आधी चित्रित करून ठेवलेल्या फितीतून शिकली नाहीत. कॉलवरचं माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देतं, हा त्यातला फरक. तेव्हा आजीने "जेवलास का, आईला त्रास देत नाहीस ना" यात वेळ घालवू नये. फोन पाणीपिंपाला टेकवावा, वाटीखाली चमचा लपवावा, "कुठंय चमचा?" असं विचारावं आणि पलीकडून काहीतरी आवाज येईपर्यंत थांबावं. कॉल मधेच अडखळतो, म्हणून नेहमीपेक्षा थोडं जास्तच थांबावं.