परसातील कोंबड्यांचे शिकारी पक्ष्यांपासून संरक्षण (पुणे परिसर)

अंगणात, परड्यात किंवा शेताच्या बांधावर मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या आणि मुख्यतः त्यांची पिल्ले घार, शिक्रा अशा दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांपासून वाचवण्याच्या पद्धती. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय असलेले पुणे बंदिस्त, व्यावसायिक कुक्कुटपालनासाठी ओळखले जाते. तरी परसातला खुराडा मुळशी, भोर, मावळ, जुन्नरच्या गावांत आहेच, शिवाय धायरी, उंड्री, मांजरी, वाघोली अशा शहरात मिसळत गेलेल्या गावांतही तो टिकून आहे. या सगळ्या ठिकाणी ‘घारीने पिल्लू उचलले’ ही नेहमीची तक्रार असते. तिच्यावरचा उपाय पक्ष्याला हुसकावण्यापेक्षा पिल्लांच्या पहिल्या दोन महिन्यांच्या व्यवस्थेत आहे. पूर्ण वाढलेली गावरान कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची असते. शिक्रा जेमतेम पाव किलोचा आणि घार पाऊण किलोच्या आसपास. एवढ्या वजनाची कोंबडी उचलून नेणे या दोघांच्याही आवाक्यातले नाही. सहा ते आठ आठवड्यांपर्यंतचे पिल्लू मात्र सहज उचलले जाते.

पुण्यात आकाशात सर्वांत जास्त दिसते ती घार. शेपटीला खाच असलेला हा पक्षी मुळात मेलेल्या, टाकून दिलेल्या मांसावर जगतो. मटण-मासळीची दुकाने आणि कचऱ्याचे ढीग यांमुळे त्याची वस्ती शहराला धरून आहे. घार उघड्या जागेवर घिरट्या घालते, तिरकी होऊन खाली येते आणि न थांबता वर जाते, म्हणून तिला येण्या-जाण्याची मोकळी वाट लागते. शिक्र्याचे तंत्र अगदी वेगळे. सुमारे ३० ते ३६ सेंमी. लांबीचा हा पक्षी झाडाच्या फांदीत गप्प बसतो आणि कुंपणाच्या, भिंतीच्या आडून जमिनीलगत झेप घेतो. त्याचे मुख्य खाद्य सरडे, लहान पक्षी, उंदीर आणि मोठे किडे, पण पिल्लू आयते मिळाले तर तो सोडत नाही. सह्याद्रीच्या कड्यांजवळच्या गावांत बोनेलीचा गरुडही असतो आणि तो मात्र मोठी कोंबडी मारू शकतो. डोमकावळ्यालाही या यादीत घ्यायला हवे. तो शिकारी पक्षी मानला जात नाही, पण लहान पिल्ले पळवण्यात तो कुणालाही मागे टाकेल. याउलट माळावर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी घार उंदीर आणि नाकतोडे खाते. तिला कोंबड्यांची वैरीण समजणे हा तिच्यावर अन्याय आहे, शेतकऱ्याच्या तर ती कामाची आहे.

मार्च ते जून हा शिक्र्याचा विणीचा काळ. घरट्यात पिल्ले असली की त्याच्या फेऱ्या वाढतात. घार हिवाळ्यात घरटे करते. त्यातच पानगळीमुळे अंगणे उघडी पडलेली असतात. पावसाळ्यात गवत आणि वेल वाढल्याने आडोसा आपोआप मिळतो, पण ओल आणि गारठ्याने पिल्ले दगावतात, त्यामुळे पूर्ण निर्धोक असा ऋतू नाही.

कोंबड्यांची स्वतःची राखणदारी फार चांगली असते. कळपातला अनुभवी कोंबडा चरताना मधूनच मान तिरकी करतो आणि एका डोळ्याने आकाश न्याहाळतो. वरून धोका दिसला की तो बारीक, लांबट, शिट्टीसारखा आवाज काढतो. कुत्रा किंवा मांजर दिसल्यावरचा आवाज निराळा, तुटक आणि मोठा असतो. पहिल्या आवाजाला कोंबड्या आहेत तिथे दबून बसतात किंवा झुडपाखाली शिरतात. पिल्लांची आई पिसे फुलवून त्यांना पंखाखाली घेते आणि वेळ पडली तर घारीच्या अंगावर धावून जाते. खुडूक बसून स्वतः अंडी उबवलेल्या गावरान कोंबडीचे मोल इथे कळते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले उबवणी केंद्रातून येतात आणि त्यांना आई नसते. हा इशारा द्यायला कुणी नसल्याने ती उघड्यावर निर्धास्त फिरतात. म्हणून अशी पिल्ले पहिले सहा आठवडे आत, दिव्याच्या उबेत वाढवून मगच बाहेर सोडण्याची शिफारस आहे. घाई केली की सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते.

मोकळे सोडण्याच्या आधीची पायरी म्हणजे डालगे. बांबूच्या कामट्यांचे घुमटाकार डालगे कोंबडीवर पालथे घालतात आणि एका कडेला वीट सरकवून फट ठेवतात. आई आत अडकलेली असते, पिल्ले फटीतून बाहेर येतात, दाणे टिपतात आणि तिने हाक दिली की आत पळतात. वर एक जड दगड ठेवला की कुत्र्याला डालगे उलथवता येत नाही. खर्च नगण्य आणि परिणाम खात्रीचा, त्यामुळे ज्याच्याकडे दोन-तीनच कोंबड्या आहेत त्याने जाळीच्या मागे लागण्यापूर्वी डालगे आणावे.

दुसरा भक्कम उपाय आडोशाचा. गुळगुळीत सारवलेले किंवा फरशी घातलेले मोठे अंगण दिसायला छान, पण पिल्लांसाठी ते सर्वांत वाईट. दर चार-पाच पावलांवर लपायला काहीतरी हवे: जास्वंदीचे किंवा मेंदीचे झुडूप, दोडक्या-कारल्याचा बुटका मांडव, तुरीच्या ओळी, नाहीतर चार विटांवर टेकवलेला जुना पत्रा. दाणे आणि पाणी नेहमी अशा आडोशाखालीच ठेवावे. कोंबडी कापल्यावर आतडी परसात फेकणे किंवा घारींना हौसेने मांस टाकणे म्हणजे त्यांना रोज बोलावणेच आहे.

जाळी लावायचीच असेल तर ती जाड धाग्याची, लांबून दिसणारी, दीड-दोन इंची छिद्रांची आणि ताणून बसवलेली असावी. ढिल्या जाळीत पक्षी अडकतात. फक्त वरून जाळी घातल्याने घार थांबते, शिक्रा बाजूने येतो, तेव्हा कडाही बंद कराव्या लागतात. गुलमोहर किंवा रेन ट्रीखाली पाला साचून जाळीला पोट येते, ती झाडत राहावे लागते. मुळशी-मावळच्या पावसात सपाट बांधलेली शेडनेट टिकत नाही, तिला उतार द्यावा. परसावर नायलॉनचा बारीक दोरा किंवा मांजा ताणणे मात्र पूर्ण टाळावे. या दोऱ्याने पक्ष्यांचे पंख कापले जातात, आणि नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची २०१७ पासून देशभर बंदी आहे.

जुन्या सीडी, चमकणाऱ्या फिती आणि बुजगावणी यांना पक्षी थोड्याच दिवसांत सरावतात. जागा सतत बदलली तर उपयोग थोडा लांबतो, इतकेच. कोतवाल पक्षी आणि कावळे शिक्र्याचा पाठलाग करून त्याला पळवून लावतात, त्यामुळे परसाजवळच्या झाडावरचे कोतवालाचे घरटे मोडू नये.

पिल्लू नाहीसे झाले की दोष आकाशाकडे जातो, पण रात्री घडलेल्या नुकसानीशी घार-शिक्र्याचा संबंध नसतो. ते काम रानमांजर, उदमांजर किंवा भटक्या कुत्र्यांचे असते आणि त्यावर खुराड्याचे घट्ट दार हाच उपाय. शिकारी पक्षी जागेवर खातो तेव्हा उपटलेली पिसे एका ठिकाणी पसरलेली दिसतात व त्यांचे देठ अखंड असतात. सस्तन प्राण्याने चावलेली पिसे मोडकी, चुरगळलेली असतात. भरदिवसा हल्ला झाला असेल तर पक्षी त्याच जागी परत येण्याची शक्यता मोठी, म्हणून पुढचा आठवडाभर पिल्ले आतच ठेवावीत.

घार, शिक्रा आणि सर्व गरुड यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांना मारणे, विष घालणे, सापळ्यात पकडणे किंवा अंडी काढणे हा गुन्हा ठरतो. जाळीत अडकलेला पक्षी ओढून काढू नये, त्याच्या डोक्यावर फडके टाकावे म्हणजे तो शांत होतो, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.