लैंगिक संक्रमणे आणि अंडाशयाचा कर्करोग

लैंगिक संबंधांतून पसरणारी संक्रमणे (बोलीभाषेत गुप्तरोग) आणि अंडाशयाचा, म्हणजे बीजांडकोशाचा, कर्करोग यांच्यातील संबंध. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण मानवी पॅपिलोमा विषाणू आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. अंडाशयाबाबत असा एकच जंतू दाखवता येत नाही. मात्र क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जिवाणूचे जुने संक्रमण आणि त्यातून अंडवाहक नलिकांना येणारी सूज यांच्याशी या रोगाचा थोडासा, पण पुन्हापुन्हा आढळणारा संबंध दिसतो.

उगमाचा वाद : कर्करोग सुरू कुठे होतो, यावर जंतूंची भूमिका ठरते. हाइनरिख वाल्डेयर या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८७० मध्ये अंडाशयावरच्या पातळ आवरणाला ‘बीज-अधिस्तर’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण अंडपेशी तिथूनच निपजतात असे त्याला वाटत होते. तो समज पुढे चुकीचा ठरला, पण नाव टिकले आणि अंडाशयाच्या बहुतेक गाठी याच आवरणातून उगवतात ही धारणाही दीर्घकाळ टिकली. १९७१ मध्ये इजिप्तचे महमूद फतहल्ला यांनी ‘अखंड अंडमोचना’ची कल्पना मांडली. दर महिन्याला अंड बाहेर पडताना आवरण फाटते आणि भरून येते. या सततच्या डागडुजीत पेशी बिघडतात, असा तिचा आशय. बाळंतपणे आणि गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे धोका का घटतो, हे तिने चांगले उलगडते. पण नलिका बांधण्याच्या शस्त्रक्रियेने अंडमोचन थांबत नाही, तरीही धोका कमी होतो. ही अडचण धरून रॉबर्टा नेस व त्यांच्या सहकारी यांनी १९९९ मध्ये दाहाकडे बोट दाखवले. योनिमार्गातून वर चढणारे जंतू आणि उलट वाहणारा मासिक स्राव यांची वाट नलिकेतूनच जाते; नलिका बांधली की ती वाट बंद होते.

२००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी बीआरसीए जनुकांत (यांतील दोषाने स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) दोष असलेल्या स्त्रियांच्या, खबरदारी म्हणून काढलेल्या नलिकांत कर्करोगपूर्व पेशी दाखवल्या. तोवर काढलेल्या नलिकेचा एखाददुसरा काप पाहून बाकीचा भाग बाजूला ठेवला जाई. पुढे नलिकेच्या अंडाशयाकडच्या टोकाला असलेल्या झालरीचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप पाडून ती पूर्ण तपासली जाऊ लागली, तेव्हा डोळ्यांना अजिबात न दिसणारे, काही पेशींच्या थराएवढे कर्करोगाचे ठिपके तिथे सापडले. सर्वांत घातक असा उच्च श्रेणीचा सीरस नावाचा कर्करोगाचा प्रकार बहुतांशी या झालरीतून सुरू होऊन अंडाशयावर रुजतो, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. ते सर्व प्रकारांना लागू नाही. एंडोमेट्रिऑइड आणि स्वच्छपेशी प्रकारांचा संबंध प्रामुख्याने एंडोमेट्रिओसिसशी (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार) लावला जातो. (या नलिकांचे वर्णन गॅब्रिएले फॅलोप्पिओने १५६१ मध्ये केले. उपदंशापासून बचावासाठी कापडी आवरण वापरण्याची शिफारसही त्याच्याच, मृत्यूनंतर १५६४ मध्ये छापलेल्या लिखाणात सापडते.)

क्लॅमिडिया : डोळ्यांतल्या खुपऱ्यांमुळे हा जंतू प्रथम लक्षात आला, १९०७ मध्ये जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक यांनी पेशींतील त्याचे पुंजके पाहिले. जिवंत पेशीबाहेर तो वाढत नाही. नलिकेच्या पेशीत शिरला की एका पोकळीत दडून दोन-तीन दिवसांत असंख्य होतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. जाणवला तरी अंगावरून पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे एवढाच, आणि तो अंगावर काढला जातो. दरम्यान नलिकेत व्रण पडत राहतात. प्रयोगशाळेत असे दिसले आहे, की संक्रमित पेशींत पी-५३ हे राखणदार प्रथिन नष्ट होते आणि डीएनएला इजा होते. उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगात जवळपास प्रत्येक गाठीत याच पी-५३ च्या जनुकात दोष असतो. हा योगायोग नसावा. तथापि पेशीतल्या या घटनांपासून प्रत्यक्ष गाठीपर्यंतची साखळी माणसात अजून जोडली गेलेली नाही.

लोकसंख्येतील पुरावा : २०१९ मध्ये पोलंड आणि अमेरिकेतील रक्तनमुन्यांच्या अभ्यासात क्लॅमिडियाच्या पीजीपी-३ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (संक्रमणानंतर रक्तात तयार होणारी संरक्षक प्रथिने) असलेल्या स्त्रियांत धोका सुमारे दीडपट, तर प्रतिपिंडांची पातळी जास्त असलेल्यांत दुपटीच्या आसपास आढळला. युरोपातील अनेक देशांच्या एकत्रित पाहणीत (२०२०) मात्र एकंदर कर्करोगाशी ठळक संबंध दिसला नाही. ओटीपोटाच्या दाहाबाबतही निष्कर्ष एकसारखे नाहीत. तैवानमधील २०११ च्या अभ्यासात धोका जवळपास दुप्पट होता. २०१७ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात तो मुख्यतः सीमारेषेवरच्या, कमी घातक गाठींत दिसला. प्रतिपिंडे संक्रमण कधी झाले ते सांगत नाहीत, ही या सर्व अभ्यासांची मोठी मर्यादा.

आकड्यांचा अर्थ नीट लावणे अत्यंत गरजेचे आहे. एरवी आयुष्यभरात शंभरात साधारण एका स्त्रीला हा कर्करोग होतो. धोका दुप्पट धरला तरी शंभरात दोघी. बीआरसीए-१ मधील दोषाने तो याच्या कित्येक पट वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये क्लॅमिडियाची सुमारे १२.९ कोटी नवी संक्रमणे झाली; म्हणजे संक्रमण सर्रास आढळते, हा कर्करोग मात्र क्वचित. तेव्हा आजारी स्त्रीला ‘हे तुझ्यामुळे किंवा नवऱ्यामुळे झाले’ असे सुनावण्यास शास्त्राचा कसलाही आधार नाही, आणि असे सुनावणे क्रूरपणाचे आहे.

उपचार : क्लॅमिडियावर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, वैद्यकीय सल्ल्याने देतात, गरोदरपणात अ‍ॅझिथ्रोमायसिन. जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर संक्रमण परत येते. उपचाराने जंतू जातो, पडलेले व्रण जात नाहीत.

इतर संक्रमणे : पॅपिलोमा विषाणूचे अंश अंडाशयाच्या गाठींत काही प्रयोगशाळांना सापडले, काहींना अजिबात नाही, रक्तातील प्रतिपिंडांचे अभ्यास संबंध दाखवत नाहीत. या विषाणूची लस अंडाशयाच्या कर्करोगासाठी नाही. जननांगी नागीण आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा जिवाणू यांच्याविषयी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. परमा (गोनोरिया) नलिकांना सूज आणतो, पण जुना परमा ओळखणारी भरवशाची रक्तचाचणी नसल्याने त्याबाबतचा पुरावा बहुधा स्त्रियांनी स्वतः सांगितलेल्या पूर्वेतिहासावरच उभा आहे.