गिटारच्या लॅकरवरचे ढगाळ डाग : कापड हातात घेण्यापूर्वी

पावसाळा सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींबरोबर एक तक्रार हमखास येते. चकचकीत अंगावर कुठेतरी दुधाळ, पांढुरका पट्टा उमटलेला असतो आणि कितीही पुसला तरी तो जात नाही. अनुभवाने सांगायचे तर मूळ डाग काढायला आम्हाला फारसा वेळ लागत नाही. तो काढण्यासाठी घरी झालेले प्रयोग निस्तरायला लागतो. म्हणून आमच्या ग्राहकांनी स्वतः काय करावे, कुठे थांबावे आणि केव्हा गिटार आमच्याकडे आणावी, हे येथे लिहून ठेवत आहोत.

गिटारवर नेमके कोणते लॅकर आहे

बोलताना आपण सगळ्याच चकाकीला लॅकर म्हणतो, पण तिचे प्रकार वेगवेगळे असतात. खरे नायट्रोसेल्युलोज लॅकर हे १९२०च्या दशकात मोटारगाड्यांच्या रंगकामात रूढ झाले. त्या वेळी द्यूपाँ कंपनीने बाजारात आणलेल्या ‘ड्युको’चे नाव आपल्याकडचे फर्निचर रंगवणारे कारागीर आजही घेतात. गिब्सन आणि मार्टिन या कंपन्यांच्या अनेक गिटारींवर अजूनही नायट्रो लॅकर असते. फेंडरने मात्र साठच्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टरचा वापर सुरू केला, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मध्यम किमतीच्या गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचाच थर असतो.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नायट्रो लॅकर केवळ त्यातील थिनर उडून गेल्यामुळे सुकते. त्याची रासायनिक अर्थाने पक्की बांधणी कधीच होत नाही, त्यामुळे वीस वर्षांनीसुद्धा योग्य थिनर लागले की ते पुन्हा विरघळते. याच गुणामुळे ते डागाळते आणि याच गुणामुळे ते दुरुस्तही करता येते. पॉलिएस्टरवर घाम आणि रबर यांचा परिणाम फारच कमी होतो. त्यावर ढगाळपणा दिसला तर तो बहुधा वर साचलेल्या पॉलिशचा असतो किंवा खालच्या लाकडापासून थर सुटल्याचा असतो. आपल्या गिटारवर काय आहे याची खात्री नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची माहिती पाहावी. थिनरचा थेंब टाकून पाहण्याची पद्धत आम्हीही वापरतो, परंतु मागच्या झाकणाच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी. आपण ती घरी करू नये.

डाग वर आहे, आत आहे की खाली

सगळे काम या एका प्रश्नावर ठरते. स्वच्छ बोट पाण्यात बुडवून, झटकून, ते डागावरून हलकेच फिरवावे आणि खिडकीच्या उजेडात तिरके पाहावे. ओले असेपर्यंत डाग नाहीसा झाला आणि सुकताच परत आला, तर तो पृष्ठभागावर आहे: घामाचा थर, जुन्या पॉलिशचा राप किंवा बारीक ओरखडे. पाणी त्या उंचसखल भागात भरले की प्रकाश विखुरत नाही, म्हणून डाग क्षणभर गायब होतो. ओले करूनही डाग तसाच राहिला, तर तो लॅकरच्या आत तरी आहे किंवा लॅकरच्या खाली. खाली असलेल्या डागाची कड बहुधा स्पष्ट असते. ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) कडेला किंवा ठोकर बसलेल्या जागी तो चंदेरी दिसतो, कारण तेथे लाकूड आणि लॅकर यांच्यामध्ये हवा शिरलेली असते. असा डाग पुसून, घासून किंवा वाट पाहून कधीच जात नाही. लॅकरला तडे गेलेले असतील तर ही पाण्याची चाचणीही करू नये.

वर असलेला डाग

वाजवताना उजवा हात जेथे टेकतो तेथे, म्हणजे बॉडीच्या वरच्या कडेला, हा डाग सर्वांत जास्त दिसतो. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती बनियन यासाठी कोणत्याही महागड्या कापडापेक्षा चांगली. तिची शिवण आणि लेबल आधी कापून टाकावे. डागावर तोंडाने हाफ द्यावी, लगेच पुसावे, कापडाची घडी बदलावी आणि पुन्हा तेच करावे. एवढ्याने काम झाले नाही तर कापड पाण्याने जेमतेम दमट करून पुसावे आणि लगेच कोरडे करावे. चिकट राप राहिलाच, तर लायटरमध्ये भरायचे नॅप्था कापडाला किंचित लावून पुसता येते; सुकलेल्या नायट्रो लॅकरला त्याने इजा होत नाही. मात्र ते अत्यंत ज्वालाग्राही आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, देवघरातली समई विझलेली असावी आणि वापरलेले कापड मोकळ्या हवेत वाळवावे.

लॅकरच्या आत शिरलेली ओल

फ्रेंच पॉलिश केलेल्या टेबलावर गरम चहाचा कप ठेवला की पांढरे कडे उमटते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. गिटारवरचा हा डाग त्याचाच भाऊबंद. दमट केसमध्ये किंवा भिजलेल्या गिगबॅगमध्ये गिटार दिवसेंदिवस राहिली की ओल थरात शिरते आणि पारदर्शक थर दुधाळ होतो. येथे पहिला उपाय म्हणजे काहीही न करणे. गिटार केसमधून बाहेर काढून पंखा किंवा एसी असलेल्या खोलीत, हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील अशा ठिकाणी, आठ-दहा दिवस ठेवावी. एसीचा झोत थेट गिटारवर येऊ देऊ नये. ताजा डाग पुष्कळदा आपोआप फिका पडतो. घाई करून गिटार उन्हात ठेवणे किंवा हेअर ड्रायर लावणे हा मात्र अविचार आहे. उष्णतेने लॅकर मऊ पडते आणि ब्रिजचा गोंदही सुटू शकतो.

दहा दिवसांनीही डाग राहिला तर आम्ही त्यावर सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी विरळ फवारा मारतो. लॅकर क्षणभर सैल होते, अडकलेली ओल बाहेर पडते आणि थर पुन्हा निवळतो. त्यानंतर काही दिवस तो घट्ट होऊ देऊन, गरज असेल तरच १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासून चकाकी आणतो. हे काम आम्ही भर पावसाच्या दिवशी करत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते, आणि काढायला घेतलेला डाग दुप्पट होतो. म्हणून ‘चार दिवसांनी या’ असे आम्ही सांगितले तर ते टाळाटाळ समजू नये, ही विनंती.

रबराचे डाग आणि घरगुती उपाय

स्टँडच्या रबरी किंवा फोमच्या पॅडमधील, तसेच रेक्झिनच्या पट्ट्यामधील, त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू नायट्रो लॅकरमध्ये उतरते. लॅकर तेथे आधी मंद होते, मग चिकट, आणि शेवटी पॅडची नक्षीच त्यावर उमटते. हा डाग पुसण्याचा नाही, टाळण्याचा आहे: स्टँडच्या प्रत्येक टेकणीवर सुती कापड गुंडाळावे.

गेल्या जुलैत एक अकूस्टिक गिटार आमच्याकडे आली, जिच्या टॉपवर रुपयाएवढा ओलीचा डाग होता. मालकांनी तो टूथपेस्टने घासला होता. डाग जागच्या जागी होता, पण त्याच्याभोवती हाताच्या पंजाएवढा भाग वेगळ्याच चकाकीचा झाला होता, आणि मध्यभागी लॅकर जाऊन स्प्रूसचे कोरे लाकूड उघडे पडले होते. नायट्रोचा थर जेमतेम कागदाच्या पानाइतका जाड असतो. तो घासून संपायला एक संध्याकाळ पुरते. लिंबू, खोबरेल तेल, काच पुसण्याचा स्प्रे आणि सिलिकॉन असलेले फर्निचर पॉलिश हेही वर्ज्य समजावे. सिलिकॉन एकदा तड्यांतून आत गेले की पुढे मारलेले नवे लॅकर त्या जागी धरत नाही, त्याला खड्डे पडतात. स्पिरिटबद्दल वेगळी सूचना: हाताने बनवलेल्या काही क्लासिकल गिटारींवर, तंबोऱ्यावर असते तसे, चपडीचे (लाखेचे) पॉलिश असते आणि ते स्पिरिटने सरळ विरघळून निघते.

गिटार जुनी आणि मूळ लॅकरची असेल तर थोडा ढगाळपणा तसाच राहू द्यावा, असे आमचे मत आहे. पिवळसर झालेला मूळ थर घासून नवा केला की गिटार सुंदर दिसते, पण जाणकार गिऱ्हाईक तिची किंमत कमी करते.

आमच्याकडे आणताना

आदल्या दिवशी पॉलिश करून आणू नये; डाग जसा आहे तसा दिसू द्यावा. आधी काही लावले असल्यास न संकोचता सांगावे आणि शक्य असल्यास ती बाटलीही सोबत आणावी, कारण त्यावरून आमचे निम्मे काम हलके होते. तारा एक-दोन सूर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. डाग तपासण्याचे पैसे आम्ही घेत नाही, आणि डागाला हात न लावणेच बरे असे वाटल्यास तसे स्पष्ट सांगून गिटार परत देतो.