‘लॉस्ट’चा पहिला भाग : संहितेआधीच मंजुरी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा खेळ केला, तेव्हा सूत्रधाराने गायची पदं तेवढी रचलेली होती. पात्रांनी आपली भाषणं प्रसंग पाहून तिथल्या तिथे करायची. सांगलीत एकांकिका बसवणाऱ्यांनी ‘लॉस्ट’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग पाहताना ही रीत आठवावी, कारण तोही संहिता पुरी होण्याआधीच मंजूर झाला होता.

विमान कोसळून बेटावर अडकलेली माणसं, ही कल्पना एबीसी वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लॉइड ब्राउन यांची. जेफ्री लीबर यांचा मसुदा त्यांना पटला नाही. २००४च्या जानेवारीत काम जे. जे. एब्रम्स आणि डेमन लिंडलॉफ यांच्याकडे आलं आणि त्यांच्या आराखड्यावरच होकार मिळाला. मग लेखन आणि पात्रनिवड एकदमच सुरू झाली. युनजिन किम केटच्या भूमिकेसाठी आल्या होत्या. त्यांना पाहून सन हे पात्र रचलं गेलं, आणि सन आली म्हणून तिचा नवरा जिन. हर्ली तर जॉर्ज गार्सिया यांच्यासाठीच लिहिला. डॉक्टर जॅक याच भागात मरणार होता. ज्याच्या मागे प्रेक्षक चालू लागला त्यालाच मारलं तर तो पुन्हा कुणावर विश्वास टाकणार नाही, म्हणून ते मरण वैमानिकाच्या वाट्याला गेलं. माझ्या मते मालिका उभी राहिली ती या एका बदलावर.

नेपथ्यात मात्र काटकसर नव्हती. सेवेतून काढलेलं खरं लॉकहीड ट्रायस्टार विमान कापून हवाईतल्या ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर मांडलं. खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला. कथेतलं विमान दोन इंजिनांचं बोइंग ७७७, तर ट्रायस्टारला तिसरं इंजिन शेपटीत असतं. पण कथेत शेपटी हवेतच तुटून दूर पडते, त्यामुळे ही विसंगती किनाऱ्यावर दिसत नाही. संगीतकार मायकल जियाकिनो यांनी त्याच विमानाचे पत्रे तालवाद्यासारखे वाजवले.

सुटका का होत नाही, याची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. सहा तासांनी रेडिओ बंद पडला, विमान फिजीकडे वळलं आणि अपघातापर्यंत हजार मैल भरकटलं, असं वैमानिक सांगतो. म्हणजे शोध चुकीच्या जागी चालणार. मग ट्रान्सीव्हर, म्हणजे संदेश पाठवणारं आणि घेणारं रेडिओयंत्र, घेऊन ही माणसं डोंगर चढतात. साताऱ्याकडच्या डोंगरांत फिरणाऱ्याला यामागचं कारण सांगायला नको: दरीत मोबाइलला रेंज नसते, धारेवर पोचलं की येते. वर सिग्नल मिळतो, पण त्यावर दुसरंच प्रक्षेपण चालू असतं. फ्रेंच बाईचा मदतीचा निरोप, आणि प्रत्येक फेरीला एकाने वाढणारा आकडा. त्यांच्यातला सैद हिशोब मांडतो. निरोप ३० सेकंदांचा, आकडा १,७२,९४,५३१. गुणाकार ५१,८८,३५,९३० सेकंद, म्हणजे सुमारे ६,००५ दिवस: १६ वर्षं ५ महिने. आकडेमोड चोख आहे, आणि तेवढा काळ कुणीच आलेलं नाही हे बेटावरच्यांना त्या गणितातूनच कळतं.

भाग दोन हप्त्यांत, २२ आणि २९ सप्टेंबर २००४ला दाखवला गेला. ब्राउन यांचं पद त्याआधीच गेलं होतं; पुढच्या भागांच्या सुरुवातीला ‘मागील भागात’ अशा अर्थाचं जे वाक्य ऐकू येतं, तो आवाज त्यांचा.